क्वेसारच्या वर्णपटातली अनोळखी रेषा: ओळख पटवायची कशी

कन्या राशीतला थ्रीसी २७३ हा क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकेचं कृष्णविवरामुळे तळपणारं केंद्र, दुर्बिणीतून साध्या ताऱ्यासारखाच दिसतो. पालोमार वेधशाळेच्या २०० इंची दुर्बिणीने घेतलेल्या त्याच्या वर्णपटात खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांना ३२३९, ४७५३, ५०३२ आणि ५६३२ आंगस्ट्रॉमला (आंगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) रुंद उत्सर्जन रेषा दिसल्या. नेमक्या या तरंगलांबींना रेषा देईल असं कुठलंच मूलद्रव्य ठाऊक नव्हतं. फेब्रुवारी १९६३मध्ये त्यांच्या लक्षात आलं, की यातल्या शेवटच्या तीन रेषा हायड्रोजनच्याच आहेत: डेल्टा, गॅमा आणि बीटा. फक्त प्रत्येक रेषा सुमारे १५.८ टक्के लांब सरकली आहे. ३२३९ची रेषा मॅग्नेशियमची निघाली.

त्याच यादीत ५२०० ते ५४१५ आणि ६००५ ते ६१९० असे दोन पसरट उंचवटेही होते. त्यांना तेव्हा नाव मिळालं नाही. आज १.१५८ने भागून पाहा: साधारण ४४९० ते ४६७६ आणि ५१८६ ते ५३४५. हे एकदा आयनीभूत झालेल्या लोहाचे, शेकडो बारीक रेषा एकमेकींत मिसळून तयार झालेले पट्टे. पहिल्याच क्वेसारमध्ये अशा दोन्ही गोष्टी होत्या: ओळखीची रेषा परक्या जागी, आणि खरोखरच वेगळी रेषा. नवख्याने हा फरक पहिल्यांदा शिकायचा, कारण 'विचित्र रेषा सापडली' असं वाटतं तेव्हा दहातल्या बहुतेक वेळा मामला पहिल्या प्रकारचा असतो, किंवा रेषा क्वेसारची नसतेच.

पुढच्या पायऱ्या याच क्रमाने करा. क्रम मोडला, की चौथ्या पायरीवरचं कष्टाचं काम पहिल्या पायरीवरच्या चुकीमुळे वाया जातं.

आयनांच्या नावांतला एक गोंधळ आधी मिटवू. 'कार्बन फोर' म्हणजे चार इलेक्ट्रॉन गमावलेला कार्बन नव्हे, तीन गमावलेला. अखंड अणूला 'वन' म्हणतात, म्हणून आकडा नेहमी एकाने जास्त. ऑक्सिजन थ्रीने दोन गमावलेले असतात, आयर्न टूने एक.

पायरी १: वर्णपट चित्र म्हणून नको, आकडे म्हणून घ्या

सरावासाठी सर्वांत सोयीची खाण म्हणजे स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे. न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंट इथल्या २.५ मीटर दुर्बिणीने घेतलेले हे वर्णपट सगळ्यांना मोफत खुले आहेत. त्याच्या सोळाव्या प्रकाशनावर बेतलेल्या क्वेसार सूचीत ७,५०,४१४ क्वेसार आहेत. स्कायसर्व्हर या संकेतस्थळावर विषुवांश आणि क्रांती (आकाशातली जागा सांगणारे दोन आकडे) टाकली, की वस्तूचं पान उघडतं. तिथून तीन आकडे टिपून ठेवा: प्लेट, एमजेडी (निरीक्षणाचा दिवस) आणि फायबर. वर्णपटाची ओळख या तीन आकड्यांनीच पटते. वस्तूचं नाव पुरत नाही, कारण एकाच क्वेसारचे वेगवेगळ्या वर्षांतले अनेक वर्णपट असू शकतात.

पानावरचं चित्र पाहून काही ठरवू नका. त्यात प्रत्येक पिक्सेलची त्रुटी दिसत नाही. फिट्स फाइल (खगोलशास्त्रातल्या आकड्यांची नेहमीची फाइल) उतरवून घ्या. ती दोन रूपांत मिळते. 'लाइट' रूप आकाराने लहान असतं, पण पूर्ण फाइलच घ्या. एकाच वर्णपटासाठी साधारण १५-१५ मिनिटांची तीन किंवा अधिक वेगवेगळी छायांकनं घेतलेली असतात. ती पूर्ण फाइलमध्ये सुटी मिळतात आणि तिसऱ्या पायरीत लागतातच. उघडायला पायथनमधलं अ‍ॅस्ट्रोपाय पुरतं.

फाइलमधल्या मुख्य तक्त्यात तीव्रता, तरंगलांबीचा लॉगॅरिदम, व्यस्त प्रचरण (मोजमाप किती पक्कं आहे ते सांगणारा आकडा), मुखवटा (खराब पिक्सेलच्या खुणा) आणि आकाशाची तीव्रता असे स्तंभ असतात. तरंगलांबी काढायला १०चा त्या लॉगॅरिदमइतका घात घ्यायचा. एका पिक्सेलची त्रुटी म्हणजे १ भागिले व्यस्त प्रचरणाचं वर्गमूळ. व्यस्त प्रचरण शून्य असेल तर तो पिक्सेल निकामी समजून गाळायचा. नवख्यांना सापडणाऱ्या 'रेषां'पैकी कितीतरी अशा निकामी पिक्सेलवरच उभ्या असतात.

आणखी एक गोष्ट. या सर्व्हेतल्या तरंगलांबी निर्वात पोकळीतल्या आहेत, तर जुन्या पुस्तकांतल्या दृश्य प्रकाशाच्या रेषा हवेतल्या. ऑक्सिजन थ्रीची प्रसिद्ध रेषा हवेत ५००६.८, निर्वातात ५००८.२. फरक १.४ आंगस्ट्रॉमचा, म्हणजे वेगाच्या हिशोबात सेकंदाला ८० किलोमीटरहून थोडा जास्त. रुंद रेषेत तो खपून जातो. अरुंद रेषेत मात्र नसलेला वायूप्रवाह 'सापडतो'. या लेखातल्या मूळ तरंगलांबी पुढे सगळीकडे निर्वातातल्या आहेत.

कुठल्या स्पेक्ट्रोग्राफचा वर्णपट आहे तेही पाहा. जुना ३८०० ते ९२०० आंगस्ट्रॉम व्यापतो, २००९नंतरचा बॉस ३६०० ते १०४००. याचं महत्त्व लगेच कळेल.

पायरी २: ताम्रसृती स्वतः काढा

फाइलमध्ये संगणकाने काढलेली ताम्रसृती (रेषा लाल बाजूला किती सरकल्या त्याचं माप) आणि सोबत इशाऱ्याचा आकडा असतो. इशारा शून्य असला तरी विसंबून राहू नका. संगणक नेहमीच्या नमुन्यांशी जुळवणी करतो. वर्णपट नेहमीसारखा नसेल तिथेच तो फसतो, आणि आपल्याला हवे आहेत ते नेमके असेच वर्णपट.

ताम्रसृती म्हणजे दिसलेली तरंगलांबी भागिले मूळ तरंगलांबी, वजा १. पण मूळ तरंगलांबी कोणती धरायची, इथेच अडतं. त्यावर उपाय गुणोत्तराचा. ताम्रसृती सगळ्या रेषा एकाच पटीने लांबवते, म्हणून दोन रेषांच्या तरंगलांबींचं गुणोत्तर कधीच बदलत नाही. मुख्य रुंद रेषा पाठ करून टाका: हायड्रोजनची लायमन आल्फा १२१५.७, कार्बन फोर १५४९, कार्बन थ्री १९०८.७, मॅग्नेशियम टू २७९९, हायड्रोजन बीटा ४८६२.७, हायड्रोजन आल्फा ६५६४.६. त्यांची गुणोत्तरं अशी: कार्बन फोर भागिले लायमन आल्फा १.२७४, कार्बन थ्री भागिले कार्बन फोर १.२३२, मॅग्नेशियम भागिले कार्बन थ्री १.४६६, हायड्रोजन बीटा भागिले मॅग्नेशियम १.७३७, आल्फा भागिले बीटा १.३५०.

सरावासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, रुंद रेषा ५२६८ आणि ६४९० आंगस्ट्रॉमला दिसताहेत. भागाकार १.२३२, म्हणजे कार्बनची जोडी. ५२६८ला १५४९ने भागून १ वजा केला, की ताम्रसृती २.४०. आता उलटी तपासणी. लायमन आल्फा १२१५.७ गुणिले ३.४, म्हणजे ४१३३ला हवी, आणि तिच्या निळ्या बाजूला शोषण रेषांचं दाट रान हवं. मॅग्नेशियम ९५१७ला, म्हणजे जुन्या स्पेक्ट्रोग्राफच्या टप्प्याबाहेर, बॉसमध्ये मात्र दिसायला हवं. दोन रेषांवरून अंदाज बांधायचा आणि तिसरीवरून तो पक्का करायचा. तिसरी मिळाली नाही, तर ताम्रसृती 'संभाव्य' एवढंच लिहायचं.

कुठे चुकतं ते आता पाहू. जुन्या स्पेक्ट्रोग्राफमध्ये ताम्रसृती ०.९ ते १.० या पट्ट्यात हायड्रोजन बीटा लाल टोकाबाहेर गेलेली असते आणि कार्बन थ्री निळ्या टोकातून अजून आत आलेली नसते. मॅग्नेशियमची एकटीच ठळक रेषा उरते, आणि एकट्या रेषेला कोणतंही नाव चिकटवता येतं. अशा वेळी ३७२८ची ऑक्सिजन टू आणि ३४२७ची निऑन फाइव्ह या बारीक रेषा शोधायच्या.

दुसरी चूक लायमन आल्फाची. क्वेसारमधून बाहेर पडणारा वेगवान वायू कधीकधी लायमन आल्फा जवळजवळ खाऊन टाकतो आणि शेजारची नायट्रोजन फाइव्ह (१२४०) तेवढी शिल्लक राहते. तिलाच लायमन आल्फा मानलं, की सगळ्या रेषा २ टक्के सरकतात आणि एकही जागेवर बसत नाही. सगळ्याच रेषा सारख्या प्रमाणात चुकत असतील तर दोष रेषांचा नाही, ताम्रसृतीचा.

तिसरी जरा सूक्ष्म आहे. लोह जोरदार असलेल्या क्वेसारमध्ये सिलिकॉन थ्री (१८९२) कार्बन थ्रीपेक्षा वरचढ होते आणि दोन्ही मिसळून शिखर निळीकडे सरकतं. शिवाय कार्बन फोर स्वतःच पुष्कळदा सेकंदाला शेकडो ते काही हजार किलोमीटर निळीकडे झुकलेली असते, कारण तो वायू आपल्या दिशेने वाहत असतो. म्हणून अंतिम ताम्रसृती शक्यतो ऑक्सिजनच्या अरुंद रेषांवरून काढा, नाहीतर मॅग्नेशियमवरून. कार्बन फोरवरून काढायची वेळ आली, तर तसं नोंदवून ठेवा.

पायरी ३: रेषा क्वेसारचीच आहे का?

इथे घाई करू नका. अर्धं काम याच पायरीत आहे.

आपल्याच वातावरणाचा उजेड आधी बाजूला काढा. आकाशाची सर्वांत जहाल रेषा ५५७९ला असते, मग ६३०२ आणि ६३६६. तिन्ही वरच्या थरातल्या ऑक्सिजनच्या. सोडियमची जोडी ५८९२ आणि ५८९८. शहरी दिव्यांतला पारा ४०४८, ४३६० आणि ५४६२ला. साधारण ७२००च्या पलीकडे हायड्रॉक्सिल रेणूंच्या रेषांची रांगच लागते, आणि तिथे आकाश वजा करताना उरलेले खुंट हुबेहूब रेषांसारखे दिसतात. उलट ६८७०पासून आणि ७५९४ ते ७६२१ इथे प्राणवायू प्रकाश शोषतो. हे खड्डे नीट दुरुस्त झाले नाहीत, तर दोन खड्ड्यांमधला भाग उंचवटा वाटतो.

वरचं ताम्रसृती २.४०चं उदाहरण इथे पुन्हा घ्या. हीलियम टू (१६४०.४) कुठे येईल? ५५७७ला, आकाशाच्या सर्वांत जहाल रेषेच्या जेमतेम दीड आंगस्ट्रॉम अलीकडे. अ‍ॅल्युमिनियम थ्रीच्या जोडीतली पहिली (१८५४.७) ६३०६ला, म्हणजे ६३०२च्या शेजारी. नायट्रोजन थ्री (१७५०) ५९५०ला येते, आणि स्लोनच्या निळ्या आणि लाल कॅमेऱ्यांचे वर्णपट ६०००च्या आसपासच जोडलेले असतात. जोड नीट बसला नसेल तर तिथे पायरी किंवा उंचवटा तयार होतो. तीन महत्त्वाच्या रेषा, तिन्ही अडचणीच्या जागी. अशा क्वेसारमध्ये 'हीलियम फार जोरदार आहे' असं लिहिण्याआधी फाइलमधला आकाशाचा स्तंभ वर्णपटाखाली काढून पाहायलाच हवा.

नवीन डेसी सर्व्हेचे वर्णपट वापरत असाल तर तिथे तीन भाग जोडलेले असतात. साधारण ५७६० ते ५८०० आणि ७५२० ते ७६२० हे जोड लक्षात ठेवा.

त्यानंतर सुटी छायांकनं. एकाच छायांकनात दिसते आणि बाकीच्यांत नाही, ती रेषा वैश्विक किरणाचा फटका समजा. रुंदीवरूनही हे ओळखू येतं. स्लोनचा एक पिक्सेल सेकंदाला ६९ किलोमीटरचा, आणि स्पेक्ट्रोग्राफची स्वतःची रुंदी साधारण १५० किलोमीटर, म्हणजे दोन-अडीच पिक्सेल. यापेक्षा बारीक टोक आकाशातून आलेलं असूच शकत नाही. क्वेसारची ५००० किलोमीटर रुंदीची रेषा सत्तरेक पिक्सेल व्यापते.

मग शेजारी. प्रकाश वाहणारे तंतू डिटेक्टरवर लागोपाठ मांडलेले असतात. एका अंकाने मागच्या किंवा पुढच्या तंतूत तेजस्वी वस्तू असेल तर तिचा प्रकाश तुमच्या वर्णपटात सांडतो. फायबरच्या आकड्यात एक मिळवून आणि एक वजा करून दोन्ही वर्णपट उघडा. त्याच तरंगलांबीला तिथे भडक रेषा असेल तर तुमची रेषा उसनी आहे.

वाटेतली दुसरी दीर्घिकाही असू शकते. तंतूचा व्यास आकाशात २ किंवा ३ कोनीय सेकंद. तेवढ्यात क्वेसारसमोर किंवा मागे एखादी दीर्घिका सहज मावते. उरलेल्या अनोळखी रेषांवर पुन्हा दुसऱ्या पायरीतली गुणोत्तरं चालवा, या वेळी अरुंद रेषा घेऊन. ऑक्सिजन थ्रीची जोडी ४९६०.३ आणि ५००८.२ला असते आणि दुसरी पहिलीच्या जवळपास तिप्पट (२.९८ पट) उंच असायलाच हवी, हे प्रमाण अणूच्या रचनेतच ठरलेलं आहे. दुसरी ताम्रसृती नीट जुळली, तर तुमच्या हातात गुरुत्वीय भिंग असू शकतं. एकाच तंतूत दोन ताम्रसृती शोधूनच स्लोनमधून भिंगांचा मोठा संच मिळाला.

शेवटी संख्याशास्त्र. त्रुटीच्या तिप्पट उंच टोक दिसलं की नवखे हरखतात. पण वर्णपटात सुमारे ४००० पिक्सेल असतात, आणि निव्वळ गोंगाटातूनही तिप्पटीच्या वर जाणारे पाचेक पिक्सेल प्रत्येक वर्णपटात निघतात. म्हणून एका पिक्सेलची उंची पाहू नका. पूर्ण रेषेची बेरीज तिच्या त्रुटीच्या निदान पाचपट हवी.

पायरी ४: रेषेखालची जमीन सपाट करा

रेषा मोजायची तर तिच्याखालचा सलग प्रकाश वजा करावा लागतो. क्वेसारमध्ये तो तरंगलांबीच्या घातानुसार उतरतो. स्लोनच्या २२००हून अधिक क्वेसारांच्या सरासरी वर्णपटात हा घात उणे १.५६ आला होता. तुमचा आकडा जवळपास असेल, अगदी तोच असेल असं नाही. वक्र बसवताना रेषा नसलेल्या खिडक्या निवडा. मूळ तरंगलांबीत १३५० ते १३६०, १४४५ ते १४६५, १६९० ते १७०५ आणि ४२०० ते ४२३० या चांगल्या चालतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे २२०० ते ३१००च्या मधला एखादा भाग सपाट दिसतो म्हणून त्यालाच सलग प्रकाश धरणं. तिथे लोहाच्या रेषा इतक्या दाट असतात, की सगळा भागच उचललेला असतो, आणि हायड्रोजनचा बामर पट्टाही खालून आधार देतो. जमीन समजून गच्चीवरून मोजल्यासारखं होतं: मॅग्नेशियम प्रत्यक्षाहून लहान भरतं आणि २५०० किंवा २९५०जवळ 'नव्या' रेषा उगवतात.

लोह वजा करायला 'एक झ्विकी १' (I Zw 1) या जवळच्या सक्रिय दीर्घिकेचा नमुना वापरतात. तिचं लोह जोरदार आहे आणि रेषा सेकंदाला ९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे या जातीत बारीक. म्हणून लोहाचा प्रत्येक दात वेगळा दिसतो. दृश्य प्रकाशाचा नमुना बोरोसन आणि ग्रीन यांनी १९९२मध्ये, अतिनील भागाचा व्हेस्टरगार्ड आणि विल्क्स यांनी २००१मध्ये दिला. हा नमुना तुमच्या क्वेसारच्या रुंदीइतका पसरवायचा, उंची जुळवायची आणि वजा करायचा. पायक्यूएसओफिट ही मोफत पायथन प्रणाली सलग प्रकाश आणि लोह एकत्र बसवून देते. पण पहिले पाच-दहा वर्णपट हातानेच करा. प्रणाली कुठे फसते ते त्याशिवाय कळत नाही.

मग रेषेची समतुल्य रुंदी काढा: सलग प्रकाशाच्या किती आंगस्ट्रॉम पट्ट्याइतका उजेड त्या रेषेत आहे ती रुंदी. दिसलेल्या रुंदीला (१ + ताम्रसृती)ने भागायला विसरू नका. आपल्या उदाहरणात १०.२ आंगस्ट्रॉम दिसले तर खरे ३. तुलनेसाठी: सरासरी क्वेसारमध्ये कार्बन फोर साधारण २४, मॅग्नेशियम टू ३२ आणि हायड्रोजन बीटा ४६ आंगस्ट्रॉम भरते. रेषांच्या रुंदीची तुलना मात्र किलोमीटर प्रति सेकंदातच करा, आंगस्ट्रॉममध्ये केलीत तर लाल टोकाच्या रेषा उगाच रुंद वाटतील.

पायरी ५: खरोखर वेगळ्या रेषा

इतकं करून जे उरतं, ते सहसा पुढच्यापैकी एक असतं.

नायट्रोजन. १४८६ची नायट्रोजन फोर आणि १७५०ची नायट्रोजन थ्री सामान्य क्वेसारमध्ये जेमतेम जाणवतात. क्यू ०३५३-३८३ या क्वेसारमध्ये त्या ठळक असल्याचं १९८०मध्ये समोर आलं आणि तो या जातीचा नमुना ठरला. २००८मध्ये स्लोनच्या पाचव्या प्रकाशनातून १.७ ते ४.० ताम्रसृतीमधले असे २९३ क्वेसार वेचले गेले. निकष होता यातल्या एखाद्या रेषेची मूळ समतुल्य रुंदी ३ आंगस्ट्रॉमहून जास्त. प्रमाण शंभरात एक. म्हणजे हाताने चाळूनही असा क्वेसार सापडू शकतो, म्हणूनच नवख्यांना हीच जात सुचवावी. ताऱ्यांच्या पोटातल्या सीएनओ चक्रात (कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनच्या मदतीने हायड्रोजनचं हीलियम करणाऱ्या) नायट्रोजन-१४ची पुढची पायरी सर्वांत संथ असते, त्यामुळे कार्बन आणि ऑक्सिजन खर्ची पडून नायट्रोजन साठत जातो; असा रांधलेला वायू कृष्णविवराजवळ कसा पोचला, हा या रेषांमागचा खरा प्रश्न. सावधगिरी दोन. १७८६च्या आसपास लोहाचा एक गुच्छ असतो, त्याला नायट्रोजन समजू नका. आणि १७५० दिसली तर १४८६ही शोधा, शिवाय १२४०ची नायट्रोजन फाइव्ह नेहमीपेक्षा उंच आहे का ते पाहा. एकटी १७५० संशयास्पद.

लोह. ४४३४ ते ४६८४मधलं लोह हायड्रोजन बीटाइतकं किंवा जास्त असेल तर क्वेसार लोहप्रबळ. अशा ठिकाणी ऑक्सिजन थ्री बहुधा फिकी असते. हा उलटा संबंध बोरोसन आणि ग्रीन यांनी १९९२मध्ये दाखवला आणि तो पुढे भक्कम ठरला. लोह प्रबळ आणि ऑक्सिजनही प्रबळ असं दिसलं, तर जमीन पुन्हा तपासा.

अतितप्त लोह. सहा ते तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाच्या रेषा सूर्याच्या प्रभामंडळातही दिसतात. आयर्न सेव्हन ५७२२ आणि ६०८९ला येते, जोडीने. आयर्न टेन ६३७६ला, आणि तिथेच फसगत होते, कारण ६३६६ला साधी ऑक्सिजन वन असते. कसोटी सोपी आहे: ऑक्सिजन वनच्या ६३०२ आणि ६३६६ यांचं प्रमाण ३ ला १ असतं. ६३६६जवळचा उंचवटा ६३०२च्या एक तृतीयांशाहून मोठा भरला, तर वरचं सगळं आयर्न टेनचं. एसडीएसएस जे०९५२+२१४३ या दीर्घिकेत अशा रेषा भडकलेल्या आणि नंतर मंदावलेल्या आढळल्या. म्हणून जुन्या-नव्या सगळ्या तारखांचे वर्णपट शेजारी मांडून पाहा.

दुहेरी शिखरं. आर्प १०२बी आणि थ्रीसी ३९०.३ या दीर्घिकांत हायड्रोजनच्या रुंद रेषेला दोन शिंगं आहेत. कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तबकडीची एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते, त्यामुळे असा आकार मिळतो. आल्फा आणि बीटा या दोन्ही रेषा वेगाच्या अक्षावर एकमेकींवर ठेवा. शिंगं दोन्हींत एकाच वेगाला हवीत. फक्त आल्फात दिसली तर मध्ये नायट्रोजनची जोडी (६५४९.९ आणि ६५८५.३) किंवा आकाशाची रेषा शिरली आहे का ते आधी पाहा.

खोटी शिखरं. काही क्वेसारमध्ये लोह आणि मॅग्नेशियमचं शोषण इतकं रुंद असतं, की खड्डे एकमेकांना भिडतात आणि मधे वाचलेला प्रकाश उत्सर्जन रेषेसारखा उभा राहतो. नवखा त्या सुळक्यांना नाव शोधत बसतो आणि गुणोत्तर कधीच जुळत नाही. सलग प्रकाशाची रेघ लाल टोकाकडून निळीकडे वाढवून पाहा. सुळके तिच्याखालीच थांबत असतील तर नजर वळवा आणि खड्ड्यांना नावं द्या: २७९६, २६००, २३८२, १८५५. हे खड्डे मूळ जागेपेक्षा निळीकडे असतील, आणि सगळे साधारण एकाच वेगाने.

रेषांचा अभाव हीसुद्धा नोंदवण्यासारखी गोष्ट. पीजी १४०७+२६५ हा तेजस्वी क्वेसार, पण रेषा कमालीच्या फिक्या. लायमन आल्फा आणि नायट्रोजन फाइव्ह मिळून मूळ समतुल्य रुंदी १५.४ आंगस्ट्रॉमहून कमी असेल तर क्वेसार 'क्षीणरेषी' गटात मोडतो.

पायरी ६: नोंद

दुसऱ्या कुणालाही पडताळता येईल अशी नोंद ठेवा: प्लेट, एमजेडी, फायबर, ताम्रसृती आणि ती कुठल्या रेषांवरून काढली, संशयित रेषेची दिसलेली आणि मूळ तरंगलांबी, समतुल्य रुंदी आणि वेगातली रुंदी, त्रुटीसकट, तिसऱ्या पायरीतल्या कोणत्या तपासण्या केल्या आणि कोणत्या राहिल्या. मग नेड आणि सिम्बाड या सूचींत वस्तू शोधा. आधीच नोंदलेली निघाली तर वाईट वाटून घेऊ नका. तुमचं मोजमाप छापलेल्या मोजमापाशी ताडून पाहण्याची एवढी चांगली संधी दुसरी नाही.

स्वतःच्या दुर्बिणीतून एकदा तरी

वरचं सगळं संगणकावर होतं, पण थ्रीसी २७३ची सरकलेली रेषा ८ इंची दुर्बिणीने हौशी निरीक्षकालाही टिपता येते. त्याची प्रत सुमारे १२.९, विषुवांश १२ तास २९ मिनिटं, क्रांती उत्तर २ अंश. पुण्याहून तो मध्यमंडलावर ७३ अंश उंच येतो. मार्च ते मे हा हंगाम. कॅमेऱ्यापुढे मिलिमीटरला १०० रेघांची जाळी (प्रकाश रंगांत फोडणारी ग्रेटिंग) लावायची. जाळी आणि सेन्सरमध्ये ५० मिलिमीटर अंतर आणि ५ मायक्रॉनचा पिक्सेल असेल तर एका पिक्सेलला १० आंगस्ट्रॉम पडतात. मिनिट-दोन मिनिटांची छायांकनं घेऊन एकूण तासाभराचा प्रकाश जमवा. कॅमेरा असा फिरवा, की जवळच्या ताऱ्याचा वर्णपट क्वेसारच्या वर्णपटावर चढणार नाही. तरंगलांबीचं मोजमाप ठरवायला त्याच रात्री, त्याच मांडणीत ए वर्गाच्या एखाद्या तेजस्वी ताऱ्याच्या हायड्रोजन रेषा घ्या. मधे जाळी हलली तर सगळं पुन्हा.

सर्वांत ठळक हायड्रोजन आल्फा ६५६५ गुणिले १.१५८, म्हणजे ७६०० आंगस्ट्रॉमला येते, नेमकी प्राणवायूच्या शोषणपट्ट्यात. तिचं शिखर कुरतडलेलं दिसेल, त्यावरून ताम्रसृती काढू नका. ५६३०जवळची हायड्रोजन बीटा घ्या. तिच्या दोन्ही अंगांना वर्णपट किंचित उचललेला दिसला, तर ते श्मिट यांच्या यादीतलं बिननावाचं लोह.